गेल्या वर्षी विजेते, यंदा खालच्या लीगमध्ये. आपल्या महिला फुटबॉलमध्ये चॅम्पियन क्लब टिकत का नाहीत?

लांब थ्रो

११ एप्रिल २०२५ ला कल्याणीच्या मैदानावर ईस्ट बंगालनं ओडिशा एफसीला १-० नं हरवलं आणि इंडियन विमेन्स लीगचं २०२४-२५ चं विजेतेपद पक्कं केलं. ६७व्या मिनिटाला सौम्या गुगुलोथचा गोल. दुसऱ्या दिवशी सगळीकडे ईस्ट बंगाल, ईस्ट बंगाल. रास्तच आहे. कोलकात्याचा क्लब ही लीग पहिल्यांदाच जिंकला, आणि त्यांच्या पुरुष संघानं राष्ट्रीय लीग शेवटची जिंकली ती २००३-०४ मध्ये. पोरींनी एकवीस वर्षांचा दुष्काळ संपवला.

माझं लक्ष मात्र सगळा वेळ समोरच्या संघाकडे होतं. ओडिशा म्हणजे आदल्या सीझनची विजेती. गोकुलम केरलाला दोन गुणांनी मागे टाकून २०२३-२४ ची लीग त्यांनी घेतली होती. तोच संघ २०२४-२५ मध्ये आठांत सातवा आला आणि दुसऱ्या पायरीच्या लीगमध्ये गेला. वर्षभरात गादीवरून थेट उंबऱ्याबाहेर.

मग मागचे सगळे विजेते आठवत बसले. पहिला सीझन २०१६-१७. दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियननं ओडिशाच्या रायझिंग स्टुडंट्सला ३-० हरवलं. पुढच्या वर्षी शिलाँगला तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले आणि पेनल्टी शूटआऊटवर रायझिंग स्टुडंट्सनी उट्टं काढलं. २०१९ ला लुधियानात मदुराईचं सेतू एफसी. मग गोकुलम सलग तीनदा: २०२० बेंगळुरू, २०२२ भुवनेश्वर, २०२३ अहमदाबाद (मधला एक सीझन कोविडनं खाल्ला). मग ओडिशा, आता ईस्ट बंगाल. २०२४-२५ पर्यंत एकूण सहा विजेते क्लब. त्यातले त्यानंतर वरच्या लीगमध्ये उरले किती? तीन. पहिले दोन विजेते कुठे आहेत हे कुणी विचारतसुद्धा नाही.

आपल्या पुण्याचं उदाहरण तर सांगायलाच नको. पहिल्या सीझनच्या अंतिम फेरीत जे सहा संघ होते त्यात एफसी पुणे सिटी होतं. २०१९ ला अख्खा क्लबच गुंडाळला गेला, पोरींच्या संघाचं कुणी नावही काढलं नाही.

मला हे तमाशाच्या फडासारखं वाटायला लागलंय. कलाकार तेच, ढोलकीवाला तोच, दर हंगामात तंबूवरचं नाव वेगळं. अँथनी अँड्रूज गोकुलमचे कोच म्हणून दोनदा जिंकले आणि आता ईस्ट बंगालचे कोच म्हणून जिंकले. सौम्या, आशालता देवी, घानाची एल्शादाई अचेमपाँग, या सगळ्या गोकुलमच्या तंबूतून लाल-पिवळ्या तंबूत गेल्या. बरं, त्यांना दोष नाही. जिथे पैसे वेळेवर, तिथे माणूस जाणारच. पण मग कप नेमका कुणी जिंकला? क्लबनं, की त्या वर्षी ज्याच्याकडे पैसे होते त्यानं?

मला वाटतं, क्लबला चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींचा संघ, स्वतःचं मैदान आणि निदान तीन वर्षांचं बजेट दाखवता येत नसेल तर त्याला वरच्या लीगमध्ये घेऊच नये. तुम्हाला काय वाटतं?

हिशेबनीस

मूळ मुद्द्याशीच असहमत.

पहिलं म्हणजे तुम्ही दोन वेगवेगळ्या गोष्टींची एकाच यादीत खिचडी केलीत. २०२३ पर्यंत जी झाली ती लीग नव्हतीच. एका शहरात सगळ्यांना गोळा करायचं, तीन-चार आठवड्यांत सामने उरकायचे, की संपलं. २०२३ ला अहमदाबादेत २६ एप्रिल ते २१ मे, सोळा संघ! ऐन उन्हाळ्यात! त्याला नाव लीगचं, बाज शालेय क्रीडा महोत्सवाचा. अशा स्पर्धेचा विजेता पुढच्या वर्षी दिसला नाही तर नवल काय? घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर खरी लीग सुरू झाली २०२३-२४ पासून, तीही सात संघांची. म्हणजे २०२५ पर्यंत मोजण्यासारखे सीझन दोन. दोन सीझनवरून तुम्ही पिढ्यान् पिढ्यांचा निष्कर्ष काढताय.

दुसरं, ओडिशा खाली गेली यात वाईट काय? मी तर म्हणतो उत्तम झालं. महिला फुटबॉलमध्ये पहिल्यांदा असं घडलं की नावाला भीक न घालता तक्त्यानं निकाल दिला. नाहीतर आपल्याकडे मोठा क्लब बुडायला लागला की नियमच बदलतात.

तिसरं, क्लब टिकला पाहिजे हा हट्ट कशासाठी? क्लब गेला तर गेला, खेळाडू जगली पाहिजे. मनीषा कल्याण गोकुलमकडून खेळली, तिथून सायप्रसच्या अपोलोनला गेली आणि २०२२ ला युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय झाली. उद्या गोकुलम बंद पडलं म्हणून तिनं जे केलं ते पुसलं जाणार आहे का?

तंबूची उपमा आवडली. पण फडमालक बदलला म्हणून लावणी खोटी ठरत नाही.

शाहू स्टेडियमची गॅलरी

ताई, आधी एक नाव राहिलं तुमच्या यादीत. विजेत्यात नव्हतं म्हणून राहिलं असेल. एफसी कोल्हापूर सिटी. २०१९-२० ला बेंगळुरूला आमच्या पोरी खेळल्या. आता मंगळवार पेठेत उभं राहून विचारा, दहातल्या आठांना म्हाईतच न्हाई. आणि हे कुठं? जिथं पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली येतंय, गॅलरीत पाय ठेवायला जागा नसतीय, आणि हरलेल्या तालमीची पोरं आठ दिवस चहाच्या गाड्यावर तोंड दाखवत न्हाईत!

म्हणून हिशेबनीस, तुमचं ‘क्लब गेला तर गेला’ मला पटत न्हाई. आमच्याकडं क्लब का टिकतो? कारण तो तालमीचा असतो. पेठेचा असतो. बोर्डावर आजोबाचं नाव असतंय, नातू खेळतोय. वर्गणी कमी पडली तर गल्लीतला सोनार देतोय. पोरींच्या संघामागं ती गल्लीच उभी न्हाई. कोल्हापूर सिटी नावाला शहर होतं, पेठ कुठली तेच न्हवतं. मग गेलं तर रडणार कोण?

माझी भाची खेळती. सकाळी साडेपाचला मैदानात, सातला तालमीची पोरं येतात तवा ह्यांनी मैदान सोडायचं. बुटाचा पुढचा टाका उसवलाय, त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळून खेळती. बापानं नवीन घेऊन दिलेत, पण ते ‘मॅचसाठी’ म्हणून खोक्यात ठेवलेत. मॅच वर्षातनं तीन!

लांब थ्रो

@हिशेबनीस, स्पर्धा आणि लीग हा फरक मान्य. मीच वर तो नीट लिहायला हवा होता. पण तोच माझ्या बाजूनं जातो. सहा-सात वर्षं आपण तीन आठवड्यांच्या स्पर्धेला राष्ट्रीय लीग म्हणत आलो, त्यामुळे क्लबनं बारा महिने जिवंत राहावं अशी गरजच कधी पडली नाही. मार्चमध्ये संघ जमवायचा, मे महिन्यात मोडायचा.

आणि ‘खेळाडू जगली पाहिजे’ म्हणता, ती कुणाच्या जिवावर जगणार? अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशननं २०२३ मध्ये ठरवलं की वरच्या लीगमधल्या प्रत्येक क्लबनं किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३.२ लाखांचा करार द्यावा. महिन्याला साधारण सव्वीस-सत्तावीस हजार. हा करार पाळायला क्लब लागतोच ना? की तो लावणीवर सही घेऊन होतो?

@गॅलरी, पेठेचा मुद्दा अगदी मर्मावर बोट ठेवणारा. भाचीला सांगा, बूट खोक्यात ठेवून लहान होतात.

सियालदह लोकल

मी मूळचा साताऱ्याचा, नोकरीमुळे अकरा वर्षं कोलकात्यात. धाग्यात ज्या सामन्याचा उल्लेख आहे तो मी कल्याणीला जाऊन पाहिलाय, म्हणून लिहितो.

कल्याणी म्हणजे कोलकाता नव्हे, आधी हे ध्यानात घ्या. सियालदहवरून लोकलनं सव्वा तास, मग टोटो (ई-रिक्षा). शुक्रवारचा दिवस. ऑफिसात दाताचं कारण सांगितलं होतं. डब्यात माझ्यासमोर एक साठीतले गृहस्थ बसले होते, खांद्यावर लाल-पिवळा मफलर. एप्रिलच्या उकाड्यात मफलर! पिशवीत इलिश मासा आहे की काय अशी मला शंका आली (ईस्ट बंगाल जिंकलं की इलिश, मोहन बागान जिंकलं की कोळंबी, हा इथला शास्त्रार्थ). त्यांना विचारलं, ‘मुलींच्या संघातल्या किती जणींची नावं सांगाल?’ ते म्हणाले, दोन. एक संगीता, ती बंगालची म्हणून. दुसरी सौम्या. बाकीच्या? तर म्हणाले, ‘जर्सी चिनी’. म्हणजे, जर्सी ओळखतो.

मला त्या दोन शब्दांत या धाग्याचं उत्तर दिसतं. @लांब थ्रो, तुम्हाला खटकतं की खेळाडू सगळ्या बाहेरून आल्या. त्या काकांना ते खटकत नव्हतं. त्यांच्या घराण्यातला कुणीतरी पूर्व बंगालातून देश सोडून आला, त्यानं हा क्लब आपला मानला, ते मानणं खाली झिरपत आलं. पोरी तेलंगणाच्या असोत, मणिपूरच्या असोत, घानाच्या असोत. पाचशे-हजार माणसं का असेनात, ती संघासाठी नाही, क्लबसाठी आली होती. गोकुलमनं तीन कप जिंकूनही अशी माणसं किती मिळवली, मला शंका आहे.

म्हणून माझं मत दोघांच्या मधलं नाही, तिसरंच आहे: जुन्या, लोकांच्या क्लबांनी उतरलं पाहिजे. लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे रस्त्यापलीकडच्या मोहन बागानचं या लीगमध्ये नावच नाही.

मदुराई मेल

सगळे मोठ्या क्लबांच्या मागे लागलेत. सेतू एफसीचं काय? पुरुषांची आयएसएल (इंडियन सुपर लीग) नाही, शंभर वर्षांचा इतिहास नाही, मफलरवाले काका नाहीत. दुसऱ्या सीझनपासून लीगमध्ये आहेत ते आजतागायत. २०१९ ला अंतिम सामन्यात मणिपूर पोलिसांना ३-१ हरवून जिंकले, २०२२ ला गोकुलमशी शेवटच्या सामन्यापर्यंत झुंजले. बेंगळुरूचं किकस्टार्ट तसंच. टिकायला इतिहास लागत नाही, चिकाटी लागते आणि पाठीमागे एक शहाणी संस्था लागते. ओडिशा एफसीकडे आयएसएलचं वलय होतं, ते गेले खाली. सेतू वर.

धागाकर्तीच्या ‘सहातले तीन’मध्ये सेतू मोजलंय, पण त्यावर एक ओळ नाही. गैरसोयीचं होतं का?

लांब थ्रो

गैरसोयीचं होतं. कबूल.

हिशेबनीस

@मदुराई मेल, शंभर टक्के. आणि यातूनच लांब थ्रोबाईंच्या अटींमधला धोका दिसतो. स्वतःचं मैदान दाखवा, तीन वर्षांचं बजेट दाखवा, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींचा संघ दाखवा. या अटी २०१७ ला असत्या तर सेतूला कुणी दारात उभं केलं नसतं, इंफाळच्या ईस्टर्न स्पोर्टिंगला तर नाहीच. मणिपूरच्या गल्लीतल्या क्लबांनी या देशाचं महिला फुटबॉल वीस-पंचवीस वर्षं पोसलं. राष्ट्रीय स्पर्धा १९९१ ला सुरू झाली तेव्हापासून मणिपूरचाच दबदबा. या लीगच्या पहिल्या फायनलमध्ये दोन गोल कमला देवीचे. मणिपूरचीच क्रिफ्सा २०२० च्या फायनलला गोकुलमकडून ३-२ हरली, तेही सबित्रा भंडारीनं शेवटच्या काही मिनिटांत गोल केला म्हणून. आज वरच्या लीगमध्ये मणिपूरचा एकही क्लब नाही. खेळाडू प्रत्येक संघात, क्लब शून्य. असं का झालं? कागदपत्रं, लायसन्स, प्रवासखर्च. तुम्ही अजून अटी घालायच्या म्हणताय!

आणि आयएसएलवाल्यांच्या भरवशावर राहू नका हे वेगळं सांगायची गरज उरलेली नाही. केरला ब्लास्टर्सचा पुरुषांचा संघ मैदान सोडून गेला, चार कोटींचा दंड बसला, आणि पहिली कुऱ्हाड कशावर? महिला संघावर. जून २०२३. दंड दादाला, उपास ताईला. २०२५ मध्ये तर आयएसएलच अधांतरी लोंबकळत होती. ज्यांचं स्वतःचं पुढच्या महिन्याचं ठिकाण नव्हतं ते पोरींचा संघ सांभाळणार?

अर्धी सुट्टी

विदर्भातल्या एका तालुक्याच्या शाळेत पीटीचा शिक्षक आहे. चर्चा वाचतोय दोन दिवसांपासून. राहवलं नाही.

माझी एक विद्यार्थिनी काही वर्षांपूर्वी या लीगसाठी एका क्लबकडून खेळून आली. क्लबचं नाव सांगत नाही, आता तो नाहीच. चाचणीला मी स्वतः घेऊन गेलो होतो, जनरल डब्यातून. निवड झाली तेव्हा गावात फटाके फुटले, सरपंचानं शाल दिली. चाळीसेक दिवस सराव आणि स्पर्धा मिळून. परत आली तेव्हा स्टेशनवर विचारलं, जर्सी दाखव. म्हणाली, सर, परत घेतली. धुऊन द्यायला सांगितली होती. तिच्याकडे उरलं काय, तर मैदानाबाहेर मोबाईलवर काढलेला एक फोटो, त्यात पाठीवरचा सतरा आकडा दिसतो. पैसे ठरले होते त्यातले अर्धे आले. उरलेल्यांसाठी फोन केला तर नंबर बंद.

पुढच्या वर्षी ती पोलीस भरतीची तयारी करायला लागली, झाली भरती. भरतीचं आठशे मीटर आता तिला हसत पळता येतं, उपयोग झाला म्हणायचा.

म्हणून सांगतो, तुम्ही क्लब क्लब करताय, पण पोरींच्या घरी विचारा. बाप म्हणतो, क्लब म्हणजे काय? नोकरी आहे का? खात्याच्या संघांबद्दल धाग्यात कुणी चांगलं बोललं नाही. मणिपूर पोलीस २०१९ ला फायनलला होते. ओडिशा पोलीस, एसएसबी, सीआरपीएफ सगळे या लीगमध्ये खेळून गेले. बाला देवी मणिपूर पोलिसातली, तिथून २०२० ला स्कॉटलंडच्या रेंजर्सला गेली. २०२४-२५ मध्ये वरच्या आठांत एकही खात्याचा संघ नव्हता. व्यावसायिक झालो म्हणे. पेन्शन देणारा क्लब बाहेर काढला आणि फोन बंद ठेवणारा आत घेतला.

शाहू स्टेडियमची गॅलरी

सर, ‘धुऊन द्यायला सांगितली’ वाचून गप्प बसलो दहा मिनिटं.

हिशेबनीस

@अर्धी सुट्टी, तुमच्या अनुभवापुढे माझे आकडे किरकोळ आहेत. पण एक प्रश्न, वाद म्हणून नव्हे. खात्याचा संघ नोकरी देतो, पण फुटबॉल किती देतो? सकाळी सराव, मग बंदोबस्त. अशानं आपण आशियात कुठे उभे राहणार? ओडिशा एफसी विजेती म्हणून आशियाई महिला चॅम्पियन्स लीगला गेली, पात्रता फेरी ओलांडली, मोठं कौतुक झालं. ऑक्टोबर २०२४ ला हो ची मिन्ह सिटीत जपानच्या उरावा रेड्सनी १७-० मारलं. सतरा! आपली विजेती विरुद्ध आशियातला बडा क्लब, एवढं अंतर. हे अंतर नोकरी सांभाळून कापता येत नाही.

लांब थ्रो

अहो पण तेच तर. सतरा गोल खाल्ले तोच संघ चार महिन्यांनी आपल्याच लीगमध्ये तळाशी धडपडत होता. तुम्ही या दोन बातम्या वेगळ्या वाचताय, मी एकच वाचते. तो कप जिंकणारा संघ पुढच्या वर्षी पूर्वीसारखा उरलाच नव्हता. विजेतेपदानंतर त्यांचे कोच क्रिस्पिन छेत्री भारतीय संघाचे कोच झाले. चांगलंच झालं, ५ जुलै २०२५ ला चियांग मायला थायलंडला २-१ हरवून आशियाई कपला पात्र ठरलो ते त्यांच्याच हाताखाली, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पण एक माणूस गेला की घर कोसळतं, त्याला क्लब म्हणायचं का?

आणि गोकुलमचंही दुःख बघा. २०२१ ला आशियाई क्लब स्पर्धेसाठी जॉर्डनमध्ये अकाबाला गेले, पहिल्या दोन सामन्यांत एकेका गोलानं हरले, तिसऱ्यात उझबेकांच्या बुन्योदकोरला ३-१ हरवलं. तिथून पुढे जायचं होतं. २०२२ ला ताश्कंदला जाऊन उतरतात तर फिफानं फेडरेशनला निलंबित केलेलं! पोरी हॉटेलात बसून, बॅगा भरलेल्या, सामना न खेळता परत. बंदी उठली २६ ऑगस्टला, स्पर्धा तोवर हातची गेलेली. मग क्लबचा मालक किती वर्षं पैसे ओतणार? क्लब टिकत नाहीत यात क्लबांचाच दोष असतो असं मी म्हणतच नाहीये.

हिशेबनीस

मग वर अटी क्लबांना कशाला घातल्यात? फेडरेशनला घाला.

लांब थ्रो

मैदानाची अट मागे घेते. वयोगटाच्या संघाची घेत नाही.

मांडवीपलीकडे

गोव्यातून लिहितोय. इतका वेळ सगळे मयतालाच बसल्यासारखे बोलताय, म्हणून थोडी बरी बातमी. २०२५-२६ च्या सीझनसाठी सेझा फुटबॉल अकादमी वरच्या लीगला पात्र ठरली, दिल्लीच्या गढवाल युनायटेडबरोबर. आणि लांब थ्रोबाई मागतात ना वयोगटाचे संघ, ते सेझाकडे आहेत. १९९९ पासूनची अकादमी, शिरसईला मैदान, वसतिगृह. आधी मुलगेच होते, २०१८ पासून मुली.

गोव्याचे संघ पूर्वीही येऊन गेले. सिरवोडें भुवनेश्वरला खेळलं, चर्चिल अहमदाबादला. एकेक वर्ष दिसले आणि विरले. यातला फरक मी जवळून बघितलाय. बाकीच्या क्लबांत मुलींना सीझनपुरतं बोलावणं यायचं. इथे बारावीच्या परीक्षेच्या दिवसांतही मुली संध्याकाळी मैदानात असतात. माझ्या शेजारची एक जाते. तिच्या आईची तक्रार अशी की बूट धुवून खिडकीत वाळत घालते, त्यामुळे हॉलभर वास. तक्रार करताना ती आई हसते.

आता बाजू बदलून बोलतो. अकादमीमागे खाणीची कंपनी आहे. उद्या कंपनीचं धोरण बदललं तर? @मदुराई मेल म्हणतात शहाणी संस्था लागते. लागते, पण तिचं शहाणपण किती वर्षं पुरेल याची हमी कोण देतो? आमच्याकडे पुरुषांचे डेम्पो, साळगावकर, स्पोर्टिंग तिघे २०१६ ला आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमधून, उठून गेले. त्यातले डेम्पो, साळगावकर तर देशाचे चॅम्पियन राहिलेले क्लब हो! हरले म्हणून नाही गेले. मालकांनी ठरवलं, झालं. त्या रागानं आमच्या वडिलांनी टीव्हीवर फुटबॉल बघणं सोडलं होतं सहा महिने. म्हणून मला चॅम्पियन क्लबच्या टिकण्याचा जिव्हाळा आहे, आणि टिकेल याचा भरवसा मात्र नाही.

सियालदह लोकल

@मांडवीपलीकडे, म्हणजे तुमच्याकडे लोक होते, मफलर होते, आणि तरी क्लब उठून गेले. माझ्या तिसऱ्या मताला तुम्ही भोक पाडलंत.

अर्धी सुट्टी

हिशेबनीस, तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. नोकरी सांभाळून सतरा गोलांचं अंतर कापता येत नाही, खरं आहे. पण नोकरी नसेल तर मुलगी अठराव्या वर्षीच खेळ सोडते, मग अंतर कापायला माणूसच उरत नाही. दोन्ही खरं आहे. मी तरी सध्या पोरींना दोन्ही सांगतो. सकाळी पास, संध्याकाळी आठशे मीटर.

मदुराई मेल

परदेशी खेळाडूंवर कुणी काही बोललं नाही? २०२४-२५ मध्ये गोकुलमच्या युगांडाच्या फाझिला इक्वापुटनं २४ गोल केले. एकटीनं. आपल्या स्ट्रायकर पोरींना चेंडू कधी मिळणार?

हिशेबनीस

तो वेगळा धागा काढा, तिथे भांडू. इथे एकच वाक्य: २४ गोल करूनही गोकुलम जिंकलं नाही.

शाहू स्टेडियमची गॅलरी

मांडवीवाले, सेझाची घरची पहिली मॅच कुठं असणार? म्हापशाला धुळेरला असली तर आम्हाला सोप्पं. कोल्हापुरातनं पहाटे चारला निघालो की आंबोली उतरून दुपारच्या आत पोचतोय. भाची आणि तिच्या मैत्रिणी धरून अकरा जणी हायत, एक तवेरा आणि एक ओम्नी ठरवायला लागंल.

मांडवीपलीकडे

वेळापत्रक आलं की इथेच टाकतो. धुळेर असो की कुठेही, जेवायला आमच्याकडे या. अकरा जणींचं काही नाही, आई रविवारी तशीही जास्तच करते. फक्त भाचीला म्हणावं, नवे बूट घालून ये.

शाहू स्टेडियमची गॅलरी

विचारलं. म्हणती, बघायला चाललोय, खेळायला न्हाई, नवीन कशाला.